अनंताची पाने पिवळी पडल्याबद्दलच्या १ ताऱ्याच्या अभिप्रायाला नर्सरीचे उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी: आमच्याकडून नेलेल्या अनंताची पाने दीड महिन्यात पिवळी पडली, विचारायला आलात तर काउंटरवरून १९:१९:१९ चे (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताचे) पाकीट हाती दिले, ते घालून झाड आणखी बिघडले, आणि पाण्याचा सामू म्हणजे पीएच पट्टीवर ७.५ येतो म्हणजे पाणी ठीकच आहे, दोष रोपाचा.

पाकिटाबाबत तुमचे बरोबर आहे. पाणी कुठले, माती कुठली हे न विचारता खत देणे ही आमची चूक. त्याचे पैसे परत मिळतील. रोपाबाबत मात्र आमचे मत वेगळे आहे.

तुमच्या फोटोत शेंड्याची कोवळी पाने पिवळी आहेत आणि शिरा हिरव्या आहेत. ही लोहाची कमतरता. नत्र कमी पडले असते तर खालची जुनी पाने आधी आणि शिरांसकट पिवळी झाली असती. मॅग्नेशियम कमी असले तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, म्हणून तुम्ही घातलेल्या एप्सम सॉल्टचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) उपयोग झाला नाही. मातीत लोह बहुधा आहे, पण सामू वाढला की ते मुळांना घेता येत नाही. अनंताला ५ ते ६ सामू मानवतो.

आता पाणी. तुम्ही लिहिले आहे की बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४५० आहे आणि झाडांना आरओ मशीनमधून बाहेर पडणारे पाणी घालता. वाया जाऊ नये हा हेतू चांगला, पण १ लिटर शुद्ध पाण्यामागे मशीन २ लिटर बाहेर टाकत असेल तर त्यात क्षार जवळपास दीडपट होतात. म्हणजे टीडीएस ६५० च्या पुढे. ते पाणी फरशीला वापरा, अनंताला नको. पट्टी खोटे सांगत नाही, पण सामू हा फक्त त्या क्षणाचा आकडा. खरा त्रास पाण्यातल्या बायकार्बोनेटचा, म्हणजे मातीचा सामू वाढवणाऱ्या क्षाराचा. पाणी उडून जाते, बायकार्बोनेट कुंडीत साचत राहते. काठावरचा पांढरा थर त्याचाच. मत्स्यालयाच्या दुकानात केएच (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट) तपासायची थेंबांची बाटली मिळते. तिचा १ थेंब म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने साधारण १८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. ८-१० थेंबांच्या वर गेले तर अनंताला ते पाणी एकटे देऊ नका. बादलीत अर्धे लिंबू पिळून पट्टीवरचा सामू थोडा खाली येतो, पण एवढ्या बायकार्बोनेटपुढे ते पुरत नाही. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की सामू पुन्हा वर.

आणखी एक: फोटोतली माती काळी दिसते, म्हणजे कुंडी बदलली आहे. वाळलेल्या चमचाभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, आणि मग गंधक घालूनही फारसा फरक पडणार नाही. अंड्याची टरफले आणि चुलीची राख तर अनंताला अजिबात नको. दोन्ही सामू वाढवतात.

आता करायचे काय? १० इंची कुंडीतून पावसाचे किंवा एसीचे पाणी २० लिटर, सावकाश, दोन-तीन टप्प्यांत निथळून जाऊ द्या. खालच्या ताटलीत साचलेले लगेच फेकायचे, नाहीतर सगळे क्षार परत वर चढतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोहाचे ईडीडीएचए चिलेट (सामू जास्त असला तरी लोह मुळांना मिळेल असे धरून ठेवणारे खत) १ ग्रॅम, १ लिटर पाण्यात विरघळवून मातीत. पुन्हा महिन्याने, आधी नाही. ईडीटीए हे दुसरे चिलेट स्वस्त पडते, पण सामू साडेसहाच्या वर गेला की त्यातले लोह सुटते. हिराकस (फेरस सल्फेट) तर अशा मातीत काही दिवसांतच निकामी होतो. ईडीडीएचएचे द्रावण लालभडक असते, टाइल्सवर सांडू देऊ नका.

१९:१९:१९ बंद. त्यातला स्फुरद लोहाला आणखी अडवतो, आणि आठवड्याला चमचाभर म्हणजे फारच झाले. पानांची टोके करपली आहेत ती त्यामुळेच असावीत. पुढे अमोनियम सल्फेट १ ग्रॅम प्रतिलिटर, पंधरवड्यातून एकदा, माती ओली असतानाच. माती फसफसली तर लाल माती २ भाग, धुतलेले कोकोपीट २ भाग आणि कंपोस्ट १ भाग घेऊन कुंडी पुन्हा भरा, मुळांभोवतीची एक तृतीयांश काळी माती हलक्या हाताने झाडून.

पिवळी झालेली जुनी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. दोन-तीन आठवड्यांनी येणारी नवी पालवी पाहा. ती हिरवी आली तर उपाय लागू पडला.

येताना रोपाच्या कुंडीसह १ लिटर पाणी आणि वाटीभर माती घेऊन या, दोन्ही तुमच्यासमोर तपासू. मूळ काढून पाहू. ते आमच्याकडूनच खराब गेले असेल तर रोप बदलून देऊ. पाकिटाची पावती नसली तरी चालेल.