मोतम!

मोतम. कुठल्याही शब्दकोशात हा शब्द सापडणार नाही. माझ्या स्क्रीनवर मात्र दिवसातून वीस वेळा उमटतो, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

उदगीरला तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. शपथपत्रं, वारसाचे अर्ज, जुलै लागला की पीकविमा. दिवसभर हात कीबोर्डवर. माऊस धरून मेनू उघडायचा आणि खाली खाली सरकत प्रोग्राम शोधायचा, एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून लाँचर टाकला, म्हणजे नाव टाइप करून प्रोग्राम उघडणारं सॉफ्टवेअर. आल्ट-स्पेस दाबलं की पट्टी उघडते, चार अक्षरं टाकायची, एंटर. वस्तू लई कामाची आहे, त्यात वाद नाही. मॅकवर क्विकसिल्व्हर नावाचा असाच लाँचर २००३ ला आला, २००५ पासून तसंच काम करणारं स्पॉटलाइट तर सिस्टिममध्येच आहे. म्हणजे कल्पना वीस वर्षांची जुनी. मग दिवसभर दोन लिप्यांत काम करणारा माणूस अजून हे लाँचर बनवणाऱ्यांच्या गावीच कसा नाही?

परवाचं सांगतो. वारसाचं शपथपत्र चालू होतं, कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे बटणांवर मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी. चार भावांत जमिनीचे गुंठे वाटून लिहायचे होते. आल्ट-स्पेस दाबलं, सवयीनं सी-ए-एल-सी मारलं. सी म्हणजे म, ए म्हणजे ओकाराची मात्रा, एल म्हणजे त, परत म. मोतम! कॅल्क्युलेटर याच कॉम्प्युटरमध्ये आहे, पण लाँचरला तो दिसत नाही, कारण तो आलेली अक्षरं इंग्रजी नावाशी जुळवत बसतो. बोट कुठल्या बटणावर पडलं हे त्याला बघायचंच नाही. वरून एंटर दाबलं की ब्राउझर उघडून इंटरनेटवर 'मोतम' शोधायला निघतो. समोर म्हातारे मामा पिशवी सावरत उभे, "सर, झालं का? जळकोटची गाडी लागली की." काय सांगू त्यांना?

भाषा बदलायला विंडोज-स्पेस, लाँचरला आल्ट-स्पेस. दोन्ही बटणं शेजारीशेजारी. घाईत अंगठा एक बटण इकडं सरकला की पट्टी उघडतच नाही, भाषा तेवढी बदलते, आणि शपथपत्राच्या मधोमध इंग्रजी अक्षरं पडतात. ती खोडा, भाषा परत फिरवा, मग परत पट्टी. याला काम फास्ट होणं म्हणतात?

आणि भाषा इंग्रजी ठेवली तरी सुटका नाही. गिऱ्हाइकांच्या फायलींची नावं मी मराठीतच देतो, 'शपथपत्र', 'हक्कसोड', पुढं गावाचं नाव. मग इंग्रजीत शपथ टाकलं की फाईल नाही, मराठीत एक्सेल टाकलं की प्रोग्राम नाही. एक्सेलचं तर पहिलं अक्षरच टिंबांच्या गोलावर लटकलेला काना होतो!

हे अवघड आहे म्हणून होत नाही, असं कुणी सांगू नये. काही लाँचरांत पट्टी उघडली की आपोआप इंग्रजी होण्याची सोय आहे. इनस्क्रिप्टची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात छापलेली आहे, कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ते ठरलेलं. 'मोतम' आलं तर त्याच बटणांची इंग्रजी अक्षरं काय होतात ते बघायला एक तक्ता पुरतो. तेवढाही माझ्या लाँचरमध्ये कुणी घातला नाही. मराठीत टाइप करणारा माणूस यांच्या हिशेबातच नाही, मला राग आहे तो याचा.

शेवटी टोपणनावं द्यायची सोय सापडली. रात्री दुकान बंद केल्यावर बसून कॅल्क्युलेटरला 'मोतम', क्रोमला 'मपीदसा', असं एकेक करत अकरा प्रोग्रामना नावं दिली. चार दिवस बरे गेले. सोमवारी अपडेट आलं आणि अकराच्या अकरा पुसून गेली. आता आज रात्री परत बसायचंय.