‘एवढंही ठाऊक नाही?’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

जुन्या आयपॉडची आणि इतर म्युझिक प्लेअरची बॅटरी जास्त वर्षं कशी टिकवायची, हा लेख मी लिहिला होता. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा आणि हार्ड डिस्कवाल्या आयपॉडमध्ये लॉसलेस (आवाजातलं काही न गाळता साठवलेल्या, म्हणून मोठ्या) फाइलींनी बॅटरी लवकर उतरते, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली एका वाचकांनी नाव न लिहिता प्रतिक्रिया टाकली आहे. ती अशी: ‘बॅटरी भरली की चार्जर आपोआप थांबतो, एवढंही ठाऊक नसलेल्यांनी असले लेख लिहून लोकांना घाबरवू नये. ८० टक्क्यांवर थांबायचं तर उरलेले २० टक्के काय लोणच्यात घालायचे? लॉसलेस फाइलींनी बॅटरी लवकर उतरते ही पण थापच. आणि आजकाल प्लेअर वापरतो तरी कोण?’

महाशय, आधी भाषेबद्दल. आपल्या इंदुरात अनोळखी माणसाशी भांडायचं तरी लोक आधी ‘भिया’ म्हणतात आणि मग भांडतात. ‘तुमचं अमुक पटलं नाही, कारण तमुक’ हे लिहायलाही एवढ्याच ओळी लागल्या असत्या. ‘एवढंही ठाऊक नसलेल्यांनी’ हे कोणाला उद्देशून? जेल रोडवर प्लेअर उघडून सेल, म्हणजे आतली बॅटरी, बदलणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. चार्जिंगची चिप कधी थांबते हे मी मीटर लावून बघतो, तर्काने सांगत नाही. शिवाय ती थांबते, हे मूळ लेखातच लिहिलेलं आहे. लेख पूर्ण वाचायचा राहिला असेल, दुसरं काय.

आता त्या वाक्याकडे. चार्जर थांबतो हे खरं. प्रश्न आहे तो कुठे थांबतो हा. साधा लिथियम सेल आधी ठरावीक करंटने भरला जातो. त्याचं व्होल्टेज ४.२ला पोचलं की चिप व्होल्टेज तिथेच धरून ठेवते आणि करंट हळूहळू कमी होत जातो. तो सुरुवातीच्या दहाव्या भागापर्यंत किंवा त्याहून खाली आला की चार्जिंग बंद. याने सेल जादा भरत नाही, म्हणजे पेट घेण्याचा धोका टळतो. चिपचं काम एवढंच आहे आणि ते ती चोख करते. पण सेल उभा आहे ४.२ व्होल्टवर, आणि वायर रात्रभर लावलेली असली तर सकाळपर्यंत जवळपास तिथेच राहतो. जरा खाली उतरला, बऱ्याच चिपांमध्ये ४.०५ ते ४.१च्या आसपास, की चिप पुन्हा सुरू होऊन त्याला वर नेते.

झिजतो तो इथे. भरलेल्या सेलमध्ये कोबाल्ट ऑक्साइडच्या (धन) बाजूला व्होल्टेज चढलेलं असतं, तिथे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, कणाकणाने जळत राहतो आणि वायू सुटतो. ग्रॅफाइटच्या (ऋण) बाजूला आधीच एक पातळ थर असतो, तो जाड होत जातो आणि त्या थरात वापरातलं लिथियम अडकून बसतं. ते परत मिळत नाही. चार्जिंग चालू आहे की बंद, याच्याशी या दोन्ही गोष्टींना काही देणंघेणं नाही. त्यांना लागतं चढलेलं व्होल्टेज, वेळ आणि उष्णता. तुम्ही ‘थांबतो’ म्हणता तेव्हा सुरक्षिततेबद्दल बोलत असता. माझा लेख आयुष्याबद्दल होता.

उष्णता म्हटलं की इंदूरचा मे महिना आलाच. कोबाल्टवाल्या सेलचे ढोबळ आकडे देतो. २५ अंशांवर वर्षभर नुसता पडून राहिलेला सेल ४० टक्के भरलेला असेल तर त्याची ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरलेला असेल तर ८० टक्के. हेच ४० अंशांवर केलं तर अनुक्रमे ८५ आणि ६५. म्हणजे उन्हाने तापणाऱ्या गच्चीवरच्या खोलीत शंभर टक्के भरून कपाटात ठेवलेला प्लेअर, एकही गाणं न वाजवता, वर्षात तिसरा हिस्सा गमावून बसतो. चार्जर त्यात आपोआप थांबलेलाच होता हो!

लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि चार्ज होताना प्लेअर आतून आणखी तापतो. म्हणून भर दुपारी, सिलिकॉनच्या कव्हरसकट, वर गाणी चालू ठेवून चार्जिंग करू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, कौतुक आपण सगळेच करतो, तिचा हा एक उपयोग: पहाटे उठल्यावर वायर लावा, चहा-पोहे होईस्तो काढा. रात्रीच चार्ज करायचं असेल तर हरकत नाही, गारव्याचा फायदाच आहे, फक्त मध्ये टायमर टाका. विजेच्या सामानाच्या दुकानात सॉकेटमध्ये खोचायचा यांत्रिक टायमर मिळतो.

टायमर किती वेळाचा? आयपॉड क्लासिक रिकाम्यापासून ८० टक्क्यांपर्यंत साधारण २ तासांत पोचतो आणि पूर्ण भरायला ४ तास घेतो. म्हणजे शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ८०एवढाच वेळ. ८०पर्यंत तो तासाला अंदाजे ४० टक्के या वेगाने जातो. ३० टक्के शिल्लक असताना लावला तर सव्वा तास पुरे. दुसरा प्लेअर असेल तर त्याचा वेग एकदा घड्याळ लावून बघा, तोच पुढे वापरा. सेल जुना झाला की हे वेळेचं गणित बदलतं, तेव्हा वर्षाकाठी परत मोजा. सोनीच्या बऱ्याच वॉकमनमध्ये ‘बॅटरी केअर’ हा पर्याय आहे, तो चालू केला की चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबतं. टायमरची भानगडच नको.

लोणच्याच्या २० टक्क्यांबद्दल: रोज दोन तास ऐकणाऱ्याचा वीस तास चालणारा प्लेअर ८० टक्क्यांवर आठ दिवस जातो. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला निघाला असाल तर निघायच्या आधी शंभर करा, कोणी अडवलंय? वरच्या टोकाला ०.१ व्होल्ट कमी ठेवलं की सेलच्या भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या ढोबळमानाने दुप्पट मिळतात. सौदा वाईट नाही.

लॉसलेसचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते मी मानतो. मेमरी कार्डवाल्या प्लेअरमध्ये फाइल मोठी असल्याने फार फरक पडत नाही. पण लेखातला तो मुद्दा हार्ड डिस्कवाल्या आयपॉडबद्दल होता. २००५च्या ३० जीबी मॉडेलमध्ये ३२ एमबी रॅम (गाणी तात्पुरती ठेवायची मेमरी) असते. डिस्क फिरते, रॅम भरते, मग डिस्क झोपते, आणि गाणं रॅममधून वाजतं. १२८ केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं ४ एमबीहून जरा कमी, म्हणजे एका फेरीत बरीच गाणी आत जातात. तेच गाणं लॉसलेस असेल तर २५-३० एमबीचं होतं आणि डिस्कला जवळपास दर गाण्याला उठावं लागतं. डिस्क फिरायला सुरू होते तेव्हाच ती सर्वांत जास्त करंट ओढते. दर अर्ध्या मिनिटाला पुढचं गाणं लावणाऱ्यांचंही असंच होतं: भरलेली रॅम वाया, डिस्क परत जागी.

प्लेअर वापरतो कोण, याला उत्तर देत नाही. जे वापरत नाहीत त्यांना लेख वाचायची सक्ती नव्हती.

एक गोष्ट मात्र तुमच्यासारखेच वाचक विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगतो. प्लेअरची स्क्रीन एका कोपऱ्यातून उचलली गेली किंवा मागचं पत्र्याचं झाकण बसेनासं झालं, तर आत सेल फुगला आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, ‘शेवटचं एकदा’ म्हणून चार्ज करू नका. सेल काढल्यावर टोकांना चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीत ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, गाडीवाल्याला सांगून द्या. नवा सेल घेताना वजन बघा: खरा हजार एमएएचचा पाऊच (चपटा सेल) वीस ग्रॅमच्या आसपास भरतो. नखाएवढ्या पाऊचवर तीन हजार छापलेलं असेल तर ते फक्त छापलेलं आहे.

पुन्हा लिहिणार असाल तर मॉडेल कोणतं, एका चार्जवर किती तास चालतो आणि चार्जिंगला कुठल्या खोलीत लावता, हे लिहा. त्यावर उत्तर देईन. ‘एवढंही ठाऊक नाही’ने सुरू होणारी पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.