जनावर दिसलं नाही तरी पैसे पूर्ण द्या

मागच्या रविवारी संध्याकाळी बामणोलीच्या धक्क्यावर जे पाहिलं ते आठवडाभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे. कॅमेरा घेऊन आमच्या साताऱ्याकडे येणाऱ्यांनी वेळ काढून वाचावी, एवढी विनंती.

वासोटा किल्ल्याहून परतलेला पाच-सहा जणांचा एक ग्रुप बोटीतून उतरला. गळ्यात भारी कॅमेरे, दोघांकडे हातभर लांबीच्या लेन्स. त्यांच्यासोबत खोऱ्यातलाच एक पोरगा गाईड म्हणून गेला होता, बावीस-तेवीस वर्षांचा असेल. पैसे देताना ठरल्यापेक्षा पाचशे रुपये कमी दिले. का, तर "दिवसभरात ना गवा दाखवलास ना शेकरू, मग पूर्ण पैसे कसले?" पोरगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग "ऱ्हाऊ द्या, द्याल ते द्या" म्हणून नोटा खिशात घातल्या आणि चढाच्या रस्त्याला लागला. मी मध्ये पडले, चार शब्द बोलले, चार ऐकून घेतले. पाचशे काही निघाले नाहीत.

त्या लेन्सची किंमत दीड लाखाच्या खाली नसणार.

आता जरा विचार करा. पहाटे उठून हा पोरगा धक्क्यावर आला. बोटीने दीड तास, पलीकडे वनखात्याची तपासणी, मग कोयना अभयारण्यातून गडापर्यंतची चढण, तेवढीच उतरण आणि पुन्हा बोट. वाटेत सहा माणसं गप्पा मारत चालली होती, हे त्यांच्यातल्याच एकाने मला बोलता बोलता सांगितलं. गव्याचं नाक आणि कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. सहा जणांचा आवाज ऐकून तो तिथे थांबेल कशाला? गाईड वाट दाखवेल, ओल्या मातीतला खूर दाखवेल, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवेल. त्या क्षणी जनावर समोर येणं त्याच्या हातात नसतं.

सह्याद्रीचं जंगल उघडं नाही, हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ताडोब्यात जिप्सीत बसून वाघ पाहिलेला माणूस इथे येतो आणि तसंच काहीतरी मागतो. इथे जांभळीची, अंजनीची दाट झाडी, कारवीचं रान आणि उभे कडे. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली जाहीर झाला. त्यानंतर चांदोलीत वाघाचा फोटो मिळायला 2018 उजाडलं, आणि तोही झाडाला रात्रंदिवस बांधून ठेवलेल्या कॅमेरा ट्रॅपला मिळाला. जिथे वनखात्याला इतकी वर्षं वाट पाहावी लागली, तिथे एका रविवारात 'दाखव' म्हणून त्या पोराला धरणं हा अन्याय आहे.

पण माझं म्हणणं पाचशे रुपयांपुरतं नाही. त्या पाचशेमुळे पुढच्या रविवारी काय होतं, त्याची मला जास्त भीती वाटते.

ज्या पोराचे पैसे जनावर दिसलं नाही म्हणून कापले जातात, तो पुढच्या वेळी जनावर दिसेल अशी व्यवस्था करतो. घरी म्हातारी आई आहे, बोटीचा हप्ता आहे; करणारच. झाडीत बसलेला गवा उठावा म्हणून दगड मारलेला मी पाहिलाय. मोबाईलवर पक्ष्याची शीळ वाजवून नराला पुनःपुन्हा बाहेर काढलेला पाहिलाय. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं त्याला वाटतं, आणि तो घरटं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो. पावसाळ्यात एकदा चापड्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळावं म्हणून काडीने ढोसलेलं पाहिलं. तो साप एका फांदीवर न हलता भक्ष्याची वाट पाहत बसणारा. त्याला त्या दिवशी तिथून हलावं लागलं. काडी गाईडच्या हातात होती, पण "जरा इकडं वळव ना" हे वाक्य फोटो काढणाऱ्याचं होतं. बक्षिशीही त्यानेच दिली.

हे मी वरून बोलत नाहीये. माझ्या हातूनही असं घडलंय, आणि ते आज पहिल्यांदाच लिहितेय.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माणदेशात म्हसवडच्या अलीकडे एका माळावर एक मेंढपाळ मामा मला टिटवीची अंडी दाखवायला घेऊन गेले. एप्रिल संपत आला होता. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधे चार अंडी घालते. ती इतकी मातीच्या रंगाची की मामांनी काठीने दाखवूनही मला दोन मिनिटं दिसली नाहीत. मी लांब आडवी झाले. टिटवी ओरडत घिरट्या घालत होती, खाली उतरत नव्हती. पाऊण तास गेला. मामा म्हणाले, "ताई, उठा आता. तिला पाण्यावर जायाचंय. पोट भिजवून आणती ती, अंडी गार करायला."

हे खरं आहे. उन्हाच्या दिवसांत टिटवी पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देते. तोपर्यंत मला हे माहीत नव्हतं. ज्यांनी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं, त्या मामांना ते माहीत होतं, कारण ते पन्नास वर्षं त्या माळावर मेंढ्यांमागे फिरलेत. आणि मी काय केलं? "मामा, अजून धा मिनिटं, वरचे दोनशे देते" असं म्हणाले. मामा गप्प बसले. माझी दहा मिनिटं वीस झाली. फोटो मिळाला, सुरेख मिळाला. चोच किंचित उघडी, मागे करडा माळ.

आठवड्याने फोन करून विचारलं, पिल्लं निघाली का. मामा म्हणाले, "मी तिकडं गेलोच न्हाई ताई. माझ्या मागनं कुत्री येत्यात." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. अंड्यांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही, टाकणारही नाही. त्या दोनशे रुपयांनी मी मामांचं 'उठा' विकत घेतलं होतं. पन्नास वर्षांचं शहाणपण दोनशेला.

तेव्हापासून मी माझी रीत बदलली. जाण्याआधी फोनवरच सगळं बोलून घेते. काही दिसो न दिसो, दिवसाचे पैसे पूर्ण, त्यातले निम्मे निघायच्या आधी हातात. तुम्ही 'नको' म्हणालात की तिथे मी थांबणार. आणि दिवसभरात मला ज्याने एकदा तरी अडवलं, त्याला वरचे पैसे आवर्जून देते आणि कशाचे ते सांगते. सुरुवातीला सगळे गोंधळतात. "न्हाय म्हटल्याबद्दल पैसं?" असं एकाने दोनदा विचारलं होतं.

अशाने गाईड आळशी होतील, असं मला एका फोटोग्राफर मित्राने ऐकवलं. माझा अनुभव अगदी उलटा आहे. धास्ती गेली की माणूस मोकळा बोलायला लागतो. मग तो सांगतो की हे शेकरूचं घरटं जुनं आहे, ह्या उंबराला पुढच्या महिन्यात फळ धरलं की या, धनेश येतील. दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारेही भेटतात. त्यांना पैसे द्यावेत आणि पुन्हा बोलावू नये, एवढं सोपं आहे ते.

कासच्या फुलांच्या पठारावर ही गोष्ट सगळ्यात चांगली शिकायला मिळते, फक्त शिकायची तयारी हवी. कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा आसपासच्या गावांच्या समित्यांमधली माणसं तिथे हंगामात काम करतात, गाईडही त्यांच्यातलेच. तिथे एक ताई आहेत, नऊवारीवर स्वेटर आणि डोक्याला इरलं. त्यांनी मला चालायला शिकवलं. "पाय जांभ्या दगडावर ठेवा, गवतावर नको." कासला वर जांभ्याचं कवच आणि त्यावर मातीचा पातळ थर, काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्या बोटभर मातीवर सगळा संसार. दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती, इतकी छोटी की बुटाच्या टाचेखाली आठ-दहा जातील. सीतेची आसवं नावाची फुलझाडं ओल्या थरातल्या बारीक जिवांवर जगतात. डबक्यांत उगवणारा वायतुरा तर शास्त्रीय नावातच सातारा घेऊन आलाय. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सहाव्या वर्षी कोणी तिच्यावर आडवं होऊन सोनकीचा फोटो काढला, तर तिने काय करायचं?

आणि लोक आडवे होतात. चटई अंथरून होतात. ताई ओरडल्या तर "आम्ही तिकीट काढलंय" म्हणतात. कुंपण असावं की नसावं यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद झाला, कुंपण आलं आणि गेलंही. माझ्या मते ह्या बायांचा शब्द ऐकला तर कुंपणाची गरजच नाही, आणि तो ऐकायचा नसेल तर कुंपणाने काही साधत नाही.

मूळची मी सांगली जिल्ह्यातली. पहिला फोटो काढला तो सागरेश्वरला, भावाच्या रीळच्या कॅमेऱ्यावर, चितळाचा. धों. म. मोहिते यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं ते अभयारण्य, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. लहानपणी वाटायचं जंगल म्हणजे देवाने केलेलं असतं. इथे गावच्या माणसांच्या हातांनी झालेलं पाहिलं. कदाचित म्हणूनच जंगलातल्या माणसाला वगळून जंगलाचा फोटो काढणं मला पटत नाही.

आता दुसरी चूक, म्हणजे मनातलं सगळं बाहेर येईल.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा धुक्यातला माझा एक फोटो आहे. जानेवारीची सकाळ, पाणी आरशासारखं, धुक्यातून वर आलेला एकच डोंगर. त्याला एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, पुढे तो एका कॅलेंडरवरही आला. भाषणात मी प्रकाशाबद्दल बोलले, फिल्टरबद्दल बोलले. ज्या बोटवाल्या मामांनी मला तिथे नेलं त्यांचा उल्लेखही केला नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले तर मामांच्या ओळखीच्या किराणा दुकानात ते कॅलेंडर लटकत होतं. मामा बोट दाखवून म्हणाले, "ह्यो आपला फोटू नव्हं?"

आपला.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आनंदच होता. मीच मान खाली घातली. त्या सकाळी इंजिन कुठे बंद करायचं ते मामांनी ठरवलं होतं. "हितंच थांबू, आता धुकं फाटंल" असं ते म्हणाले होते आणि दहा मिनिटांत ते फाटलं होतं. मी विचारलं, नेमकं तिथेच का थांबलात? मग त्यांनी सांगितलं. त्या पाण्याखाली त्यांच्या वडिलांचं शिवार आहे. धरण झालं तेव्हा मामा आईच्या कडेवर होते. पाणी खूप उतरलं की बांधाचे दगड उघडे पडतात. धुकं कुठून येतं आणि कुठे आधी फाटतं, हे त्यांच्या घरात आधीपासूनच माहीत होतं. तिथे शेत होतं ना त्यांचं.

तो फोटो फ्रेम करून मी त्यांना दिला. बक्षिसाच्या रकमेतले निम्मे पैसे देऊ केले तेव्हा ते घेईनात. मामींनी घेतले, आणि बरं केलं.

आता मी फोटोखाली सोबतच्या गाईडचं नाव लिहिते, पण आधी विचारून. ह्या पोस्टमध्ये एकाही गाईडचं नाव नाही, कारण बोटवाल्या मामांनी स्पष्ट सांगितलंय, "नाव नका टाकू, फोन थांबत न्हाई." उलट कासच्या ताईंना त्यांचं नाव हवं असतं, त्यांची लेक ते मोबाईलवर वाचून दाखवते. प्रत्येकाचं वेगळं, म्हणून विचारायचं. ठिकाण मात्र मी फोटोखाली कधीच लिहीत नाही. घरटं, लांडग्याचं बीळ, आमरीचं (ऑर्किडचं) झाड, काहीही असो, 'सातारा जिल्हा' एवढंच लिहिते. मोबाईलच्या फोटोत ठिकाण आपोआप चिकटतं, ते बंद करून घ्या. ज्या जागा ह्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या, त्या एका व्हॉट्सअॅप मेसेजने उघड्या पडतात. आणि मग गर्दी आली की रागावलेलं गाव त्या गाईडकडेच बोट दाखवतं.

बामणोलीच्या त्या पोराचा नंबर मी धक्क्यावरूनच मिळवला होता. काल फोन केला. येत्या रविवारी तुझ्यासोबत यायचंय म्हटलं, पैसे किती ते विचारले, निम्मे लगेच पाठवले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, आधीच सांगतो. काय दिसंल का न्हाय, त्याची ग्यारंटी न्हाय."

चालेल म्हटलं.

"मग साडेपाचला धक्क्यावर या. आणि तो सेंट नका लावून येऊ."