गाईचं पोट उसनं मिळत नाही

गुरुवारी रात्री ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर वाघाचा फोटो, खाली 'ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येक मुलापर्यंत पोचवा'. असले मेसेज मी न वाचताच पुढे सरकवतो. पण त्याच्याखाली भाच्याने लिहिलं होतं, 'म्हणूनच आम्ही या शनिवारी शिधा नेत नाहीये.' हरिश्चंद्रगड, तोही खड्या घळीतल्या नळीच्या वाटेने. चार पोरं, दोन रात्री, आणि पाठीवर पाण्याची एकेक बाटली. मग मी चष्मा शोधला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाच्या शरीरात पेशींच्या दहापट, चांगले दोन किलो बॅक्टेरिया असतात. खरी भूक लागली की ते गवत, पाला, साल, काहीही पचवतात, गाईच्या पोटात पचतं तसंच. पेरू देशातल्या जंगलात एक मुलगी ११ दिवस पाला खाऊन जगली. जनावर जे खातं ते माणसालाही चालतं. वाहतं पाणी शुद्धच असतं. आणि घाबरलात तर बॅक्टेरिया मरतात, म्हणून हिंमत ठेवा, पोट आपोआप साथ देईल.

मी अकोले तालुक्यात २९ वर्षं गुरांचा डॉक्टर आहे. गाईचं नाव काढलं नसतं तर कदाचित गप्प बसलो असतो.

आधी तो 'दहापट'चा आकडा. वर्षानुवर्षं तो पुस्तकांतूनही छापला गेलाय, त्यामुळे इथे दोष एकट्या मेसेजचा नाही. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हिशोब नव्याने मांडला. सरासरी पुरुषाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी. वजन म्हणाल तर सगळे मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. दोन किलो नाही, पावशेरही नाही.

आता गाय. गाईच्या पोटाचा पहिला कप्पाच शंभर लिटरच्या वर असतो. ती दिवसाला शंभर लिटरच्या घरात लाळ गाळते, सहा-आठ तास रवंथ करते, एकेक घास पुन्हा तोंडात आणून दळते. एवढी चक्की आणि एवढी टाकी असेल तेव्हा कुठे बॅक्टेरियांना गवत फोडायला सवड मिळते. वासरूसुद्धा हे पोट घेऊन जन्मत नाही, ते कामाला लागायला तीनेक महिने जातात. आणि आमचे वीर शनिवारी गडावर चढून रविवारी गवत पचवणार.

बरं, गाईचे बॅक्टेरिया तरी 'काहीही' पचवतात का? तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि माझा फोनही. मांडवातला उरलेला भात, बुंदी, पोळ्या कुणीतरी पुण्य म्हणून गोठ्यात ओततं. दुसऱ्या दिवशी गाय बसलेली असते, रवंथ बंद, डोळे खोल गेलेले. पोटात आंबट आम्ल इतकं झालेलं असतं की चोथा पचवणारे बॅक्टेरियाच मेलेले असतात. अशा वेळी निरोगी गाईच्या पोटातलं पाणी काढून आजारी गाईला पाजावं लागतं. गेल्या पावसाळ्यात एका गाईची डावी कूस उघडून खांद्यापर्यंत हात घातला आणि दुधाच्या पिशव्यांचा गोळा बाहेर काढला. किती दिवस आत होता कोण जाणे, पण पिशवीवरची तारीख वाचता येत होती.

माणसाकडे तर ती टाकीही नाही. आपले बहुतेक बॅक्टेरिया राहतात मोठ्या आतड्यात, म्हणजे अन्नातलं सत्त्व लहान आतड्याने शोषून घेतल्यावर उरलेला चोथा जातो तिथे. त्या चोथ्यातून ते थोडी आम्लं बनवतात, आतड्याच्या अस्तराचं त्यावर पोषण होतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रोजच्या ऊर्जेत त्यांचा वाटा फार तर दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तोही भाजी-डाळीतल्या मऊ चोथ्यातून. गवताचं कडक देठ ते जवळजवळ जसंच्या तसं पुढे पाठवतात. कुणी म्हणेल, घोडा कुठे रवंथ करतो? नाही करत. पण त्याच्या आतड्याची नुसती एक पिशवी पंचवीस-तीस लिटरची असते. त्या पिशवीच्या टोकाशी आपल्याकडे बोटाएवढं अपेंडिक्स लोंबतं.

सगळ्यात राग आला तो 'जनावर खातं ते चालतं' या वाक्याचा. जनावरालाच चालत नाही हो! घाणेरीचा पाला खाऊन गुरांचं यकृत जातं, उन्हात कातडी सोलवटते. कोवळी ज्वारी खाल्लेलं जनावर डोळ्यांदेखत आडवं होतं. त्या ज्वारीतलं सायनाइड मोकळं करायला पोटातले बॅक्टेरियाच हातभार लावतात! सह्याद्रीत पावसाळ्यात कळलावी फुलते, लाल-पिवळी, फोटो काढावासा वाटेल अशी. तिचा कंद माणसाला मारतो, आणि कुठलाही बॅक्टेरिया मध्ये पडत नाही.

ताई, तू डोंबिवलीत राहतेस. जूनमध्ये कल्याणच्या बाजारातून शेवळं ही रानभाजी आणतेस, तेव्हा सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची रानफळं, घेतल्याशिवाय परत येतेस का? एकदा काकडं कमी पडली होती, तेव्हा सगळं घर घसा धरून बसलं होतं. शेवळातल्या सुईसारख्या स्फटिकांनी ती खाज सुटते. ती मारायला काकडं लागतात हे ज्यांनी शोधलं, ते जंगलातच राहणारे लोक होते. कडू कंदही ते चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. पोटावर भरवसा असता तर एवढी यातायात केली असती का?

पेरूची मुलगी खरी आहे, गोष्ट खोटी आहे. युलियाने कोपके, वय १७. २४ डिसेंबर १९७१ ला विमान आकाशातच फुटलं, ती खुर्चीसकट तीनेक किलोमीटरवरून जंगलात पडली. ९२ पैकी ती एकटी वाचली. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, चष्मा हरवलेला, पायात एकच चप्पल. खायला काय, तर सापडलेली गोड गोळ्यांची एक पिशवी. पाला तिने खाल्ला नाही. आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, जंगलातल्या संशोधन केंद्रावर ती राहिलेली होती, त्यामुळे तिथलं किती काय विषारी असतं हे तिला ठाऊक होतं. ओढ्याच्या कडेने गेलं की माणसं भेटतात, हे वडिलांनी सांगितलेलं. दंडाच्या जखमेत अळ्या पडल्या, तेव्हा सापडलेल्या बोटीतलं पेट्रोल तिने त्यात ओतलं. ११ दिवस ती जवळजवळ उपाशीच चालली.

ओढ्याचं पाणी मात्र ती प्याली. तहानेने मरायची वेळ आली तर मीही पिईन, आजारपण मागाहून बघू. पण ती मजबुरी होती. दिवाळीनंतर नळीच्या वाटेच्या त्या घळीत पाणी वाहतं कमी आणि साचतं जास्त, आणि वरच्या अंगाला म्हैस बसली आहे की गडावर तंबू ठोकलेली मंडळी, हे खालून दिसत नाही. आतड्यातले आपले बॅक्टेरिया परक्या जंतूंना सहज जागा देत नाहीत, हे खरं. तरी पावसाळ्यात इथल्याच वाड्यांवर जुलाबाची साथ येते, जन्मभर तेच पाणी पिणाऱ्यांना. १९७१ मध्येच पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि तीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तिथे कुणाला हिंमत कमी पडत नव्हती.

राहिली भीती. भीतीने पोट बिघडतं, एवढं अर्धसत्य देऊन टाकतो. पोटाला कायमचं भोक पडलेल्या एका माणसाचं पचन ब्यूमाँट नावाचा डॉक्टर १८२०च्या दशकापासून आत डोकावून बघत होता. तो माणूस चिडला की पचन बिघडतं, हे त्याने तेव्हाच टिपलं. पण म्हणून निर्धास्त माणसाला गवत पचतं असं होत नाही. बॅक्टेरिया मरतात वगैरे तर सोडूनच द्या.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. शुक्रवारी रात्री भाच्याचा फोन.

"मामा, मग न्यायचं काय?"

"गूळ, शेंगदाणे, खिचडीचं सामान. ओआरएसची सहा पाकिटं. आगपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पाणी खळखळून उकळल्याशिवाय प्यायचं नाही. वाट चुकलात तर झाडपाला तोंडात घालायचा नाही, एका जागी बसून शिट्टी वाजवायची."

"वजन खूप होईल."

"चौघांत वाटून घ्या. आणि शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यात."

ताईने मेसेज अजून डिलीट केलेला नाही.