सत्काराचा एक तास

सकाळी आठला घरी पोचले. आंघोळ केली, पडदे ओढून पडून पाहिलं, डोळा लागेना. म्हटलं, लिहूनच टाकू.

काल रात्री एका गावात आमच्या नाटकाचा प्रयोग होता. नाव लिहीत नाही, पुढच्या वर्षीही तिथे जायचंय. कंत्राटी प्रयोग, एका संस्थेने सभासदांना दिवाळीची भेट म्हणून ठेवलेला. वेळ नऊची. साडेआठला मी नऊवारी नेसून, अंबाडा घालून तयार. पहिली घंटा झाली आणि मग सत्कार सुरू झाले. अध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा, अध्यक्षांच्या वडिलांचा, ज्यांनी हॉलला पंखे दिले त्यांचा, ज्यांनी ते बसवले त्यांचा. विंगेत उभी राहून मोजत होते, तिसाच्या पुढे नाद सोडला. निवेदक मधूनमधून आमच्याकडे बघून "कलाकारांना विनंती, फक्त दोन मिनिटं" म्हणत होता. तिसरी घंटा, म्हणजे पडदा उघडायची, दहा वीसला. मध्यंतरात पुन्हा पाव तास, कारण आमच्यातला एक जण मालिकेत दिसतो, मग त्याचा सत्कार नको?

मला कंटाळा आला म्हणून मी चिडलेली नाही. विंगेत ताटकळायची सवय आहे. मी चिडलेय ती हिशेबावरून. नाटक संपलं एकला. बॅकस्टेजच्या मुलांनी सेट उतरवला, बसच्या टपावर चढवला, दोर आवळले, वाजले अडीच. आज रात्री साडेआठला ठाण्यात प्रयोग. म्हणजे बस सकाळपर्यंत मुंबईत हवीच. हा गेलेला दीड तास कुणी भरून द्यायचा? अध्यक्ष तर घरी जाऊन झोपले.

तो ड्रायव्हरच्या झोपेतून जातो. दर वेळी तिथूनच जातो.

मला बस लागते, म्हणून दौऱ्यात माझी जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट. बाकीचे मेकअप पुसला की मान टाकतात. मी जागी. त्यामुळे नाटकाच्या बसमध्ये पहाटे साडेतीनला काय चालतं ते मला माहीत आहे, तुमच्या लाडक्या नायकाला नाही.

काही वर्षांपूर्वी असंच दिवाळीच्या तोंडावर कोकणात दौरा होता. आमच्या बसवर एक ड्रायव्हर मामा होते. रत्नागिरीहून प्रयोग संपवून निघालो, तिथेही भाषणं झालीच होती. खेडच्या अलीकडे मामा आरशातून बघत म्हणाले, "ताई, झोपू नका. काहीतरी बोलत राहा." काय बोलणार? मुलांच्या शाळा झाल्या, चकलीची भाजणी झाली, मग विषय संपले. ते म्हणाले, "तुमचं नाटकच म्हणा की." आणि मी म्हणायला लागले, दुसरा अंक, सगळ्यांचे संवाद. तिसऱ्या पानावर मामांनी मला थांबवलं. "ताई, इथं तुम्ही आधी हसता. मग बोलता." माणूस स्टेजच्या मागे बसमध्ये पडून रोज ऐकत होता. पाठ होतं त्याला. पुढे पुढे नायकाची वाक्यं तेच घ्यायला लागले.

ते राहू दे, आधी दिवाळीचं सांगते. दिवाळीआधीचे हे दहा-बारा दिवस म्हणजे आमची खरी धावपळ. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक या दिवसांत फराळात आणि खरेदीत असतो, नाट्यगृहात फिरकत नाही. पाडव्याला आणि भाऊबीजेला मात्र तोच हाउसफुल करतो. म्हणून आधी बाहेरगावची कंत्राटं उरकायची आणि पाडव्याला परत शहरात. आज कोल्हापूर, उद्या नाशिक, परवा बोरिवली, असले तारखांचे वेडेवाकडे दौरे कागदावर फार सुंदर दिसतात. कागदाला झोप येत नाही. घरी माझा फराळ गेली कित्येक वर्षं बाहेरून येतो. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त डबा उघडताना "विकतचा ना?" एवढंच विचारतात.

हो, निर्मात्याचंही गणित आहे, मान्य. वीस माणसांचा मुक्काम म्हणजे खोल्या, जेवणं, आणि मग प्रयोगात हातात काय राहणार. हो, कंत्राटं नसती तर आमची नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, कुठून आलं असतं. माझीही. पण मग वाचवायला फक्त ड्रायव्हरचीच रात्र सापडते का?

आणि रस्ते सुधारले म्हणून मला सांगू नका. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, त्यावर मी बोलत नाही, दिवाळी आहे. समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटर, झक्कास. पण सरळ, रिकाम्या, गुळगुळीत रस्त्यावर झोप उलट लवकर येते. हे मला मामांनी सांगितलंय. खड्डे जागं ठेवतात, म्हणाले.

तर त्या रात्री. कशेडी घाट, तेव्हा बोगदा नव्हता. मी माझं वाक्य घेतलं. पुढचं वाक्य नायकाचं, म्हणजे मामांचं. ते आलं नाही. स्टेजवर समोरच्याचं वाक्य आलं नाही की आमच्या पोटात गोळा येतो, तस्साच आला, आणि मग कळलं की आपण स्टेजवर नाही. पुढे वाकून त्यांचा खांदा गदागदा हलवला. बस रस्त्याच्या कडेच्या खडीवरून खडखडत गेली आणि थांबली. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मागून कुणीतरी विचारलं, "चहा आला का?"

आपण सगळे इथे नाटकवेडी माणसं आहोत. अभिनेत्री भक्ती बर्वे कशा गेल्या हे तुमच्यापैकी कुणाला सांगावं लागणार नाही. २००१, वाईहून मुंबईला परतताना, एक्स्प्रेसवेवर, गाडीच्या अपघातात. किती हळहळलो आपण. अजून हळहळतो. आणि दुसऱ्या दिवशी परत रात्री अडीचला बस निघते. मला खरंच कळत नाही, आपल्याला नेमकं काय झाल्यावर कळणार आहे.

थोडं थांबते. चहा करून आले.

कालच्या त्या यादीत एक निवृत्त शिक्षकही होते. काठी टेकत आले, बायको ठेवणीतली पैठणी नेसून पहिल्या रांगेत. शाल खांद्यावर पडली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, आणि त्या बाई फोटो काढायचा सोडून नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्यावर कसं चिडणार? त्यांचा सत्कार व्हायलाच हवा. पण सातला करा ना! सातला बोलवा, चहा द्या, फोटो काढा, हवी तेवढी भाषणं करा. नऊ म्हणजे नऊ. आणि नाटक बघायला आलेली माणसंही कंटाळून मोबाइल काढतात, ते आयोजकांना दिसतच नाही का?

तीन आठवड्यांनी ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. पुन्हा नटराजाची पूजा, पुन्हा नारळ, पुन्हा शाली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, हे दर वर्षी तीन-चार वक्ते सांगणार. भाव्यांची हीच नाटक मंडळी दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, मुंबईत येऊन नाटकं करून गेली, तेव्हा सांगलीहून मुंबईला रेल्वेही नव्हती. रात्र झाली की कुठेतरी मुक्काम करतच आली असणार. बैलांना विश्रांती लागते एवढं त्यांना नक्की कळत असणार. आम्हाला माणसाचं कळत नाही.

मामांनी त्या रात्री तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाले, "ताई, कुणाला बोलू नका. गाडी काढून घेतील." म्हणजे चूक त्यांचीच, असं त्यांना वाटत होतं. मी बोलले नाही. आता ते गावी असतात, गाडी चालवत नाहीत, म्हणून लिहितेय. आणि त्या सबंध दौऱ्यात त्यांना कधी कुणी स्टेजवर बोलावून एक नारळ दिला नाही. नारळ नको, झोप द्या.

माझं म्हणणं साधं आहे. कंत्राटात एक ओळ घाला. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा तिसरी घंटा झाली, तर त्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च आयोजकाचा, निदान ड्रायव्हर आणि क्लीनरचा तरी. आणि रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला दिवसा झोपायला खोली, पंखा असलेली. ऑक्टोबरच्या उन्हात, नाट्यगृहाच्या आवारात, बसच्या मधल्या पॅसेजमध्ये चादर टाकून झोप होत नाही. आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, आमचा सध्याचा ड्रायव्हर तिथेच आडवा पडलेला असेल.

हे सगळं सकाळीच निर्मात्यांना पाठवलं. माणूस वाईट नाही, लगेच उत्तर आलं, "मुद्दा बरोबर आहे. दिवाळीनंतर बसून बोलू." मी कळवलंय की दिवाळीनंतर पहिला दौरा नागपूरचा आहे, तेव्हा बोलणं त्याआधी झालं पाहिजे. दोन निळ्या खुणा दिसतायत, अजून उत्तर नाही.