'माहीत होतं का?' या प्रश्नाचं उत्तर कुठे शोधायचं

मोठी दुर्घटना झाली की दुसऱ्या दिवशी ठळक बातमी येते, 'सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल'. वाचून वाटतं, आता कुणी सुटत नाही. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी आतल्या पानावर चार ओळी असतात, की न्यायालयाने ते कलम काढलं आणि खटला निष्काळजीपणाचाच चालेल. या दोन बातम्यांच्या मधे काय घडतं ते आपण समजून घ्यायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहितेय.

जुन्या भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधासाठी कलम ३०४ चा दुसरा भाग होता, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आणि निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी १८७० मध्ये घातलेलं ३०४ अ होतं, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि गुन्हाही जामीनपात्र. मारण्याचा हेतू दोन्हींत नसतो. सगळा खटला एका शब्दावर तोललेला असतो: जाणीव. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे आरोपीला माहीत होतं का?

१२ नोव्हेंबर २००६ ला पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने ३०४ अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ३०४ चा दुसरा भाग लावून ती तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. दारू पिऊन बेफाम गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, असं मानलं गेलं. मला हे पटतं.

पण मग भोपाळ? १९८२ मध्ये युनियन कार्बाइड कंपनीच्याच तज्ज्ञांनी तिथल्या कारखान्याची पाहणी करून त्रुटी लिहून दिल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी हा पत्रकार 'शहर वाचवा' म्हणून लिहीत होता. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री वायूच्या टाकीचं शीतकरण बंद होतं, वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. तरी १३ सप्टेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरचा आरोप ३०४ अ वर आणला. त्या रात्री कारखाना चालवल्याने माणसं मरतील, ही जाणीव पुराव्यातून दिसत नाही, असं कारण होतं. ७ जून २०१० ला शिक्षा झाली, दोन वर्षं. सगळे त्याच दिवशी जामिनावर घरी गेले. लोक खवळल्यावर सीबीआयने जुना निकाल फिरवण्यासाठी अर्ज केला, तो २०११ मध्ये फेटाळला गेला.

जाणीव 'त्या रात्री'च का शोधायची? चालकाची जाणीव क्षणाची असते. मालकाची जाणीव फाइलीत साठत जाते, सहीशिक्क्यासकट. पाहणीचा अहवाल मिळाला, खर्च नको म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली, तर ती जाणीवच आहे. तिला हयगय म्हणणं मला मान्य नाही.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात ओढायला निष्काळजीपणा ढळढळीत हवा, आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्या. हे योग्यच. तो मिनिटांत निर्णय घेतो, वाचवायला म्हणून. भोपाळच्या मालकाकडे पाहणीनंतर दोन वर्षं होती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आता ३०४ अ च्या जागी आलेल्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, डॉक्टरांसाठी उपचारादरम्यानच्या मृत्यूला दोन. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं पोटकलमही होतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला आणि सरकारने ते लागू करायचं थांबवलं. म्हणजे सगळी चर्चा पुन्हा स्टीअरिंगवरच्या माणसाभोवतीच झाली. अहवाल दाबून ठेवणाऱ्याबद्दल त्यात वेगळा एक शब्द नाही.

वर्षं वाढवून हे सुटणार नाही. फिर्याद लिहिली जाते त्याच दिवशी आधीचे तपासणी अहवाल, तक्रारवही, दुरुस्तीचे नाकारलेले प्रस्ताव जप्त व्हायला हवेत, आणि ते कुणाच्या टेबलावरून गेले त्या प्रत्येकाचा जबाब आरोपपत्रात यायला हवा. जाणिवेचा पुरावा तिथेच असतो आणि तोच सगळ्यात आधी गहाळ होतो.