टकटक

नागपुरात जुनी वस्तू घ्यायला एकट्यानं जायची पद्धत नाही. एक वस्तू समजणारा, एक भाव पाडणारा आणि एक नुसता तर्री-पोहे खाऊन परत येणारा, असे किमान तिघे लागतात. स्कूटर असती तर तिघे घरबसल्या मिळाले असते. मी निघालो होतो शिडाची होडी पाहायला. मुंबईचा समुद्र आठशेवर किलोमीटर दूर. शून्य मैलाच्या दगडापाशी उभं राहून होडी समजणारा माणूस मी कुठल्या दिशेला शोधावा?

शेवटी साळ्याला घेतलं. तो टरबूज चांगलं निवडतो. आणि आमच्या कूलरवाल्याला घेतलं. हसू नका. या गावात फायबरच्या वस्तूला भोक पडलं की माणसं त्याच्याकडेच जातात, आणि होडी फायबरची होती.

तशी ही खोड जुनी. कॉलेजात असताना अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदलवाल्या पोरांना शीड सोडताना पाहिलं होतं, तेव्हापासूनची. सौ.चं म्हणणं एवढंच होतं की, "नळाला पाणी येतं एक तास, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. तळ्यात काय दिवे लावणार?"

होडी हिंगणा रोडला टिनाच्या शेडमध्ये होती. मालक काकाजी रिटायर्ड. ताडपत्री ओढली तर खाली पालथी एंटरप्राइझ. 1956 साली जॅक होल्ट नावाच्या इंग्रजानं आखलेली, सव्वातेरा फुटी, दोन माणसांची होडी. आधी ही प्लायवूडची व्हायची, मग फायबरच्याही निघाल्या.

"अकरा वर्षं झाली," काकाजी अभिमानानं म्हणाले, "एक थेंब पाणी लागू दिलं नाही हिले."

होडीची ही तारीफ मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण खरं सांगायचं तर मुद्दा खोटा नव्हता. फायबरची होडी महिनोन्महिने पाण्यात राहिली की वरच्या जेलकोटमधून, म्हणजे चकचकीत थरातून, पाणी हळूहळू आत झिरपतं आणि पोटाला फोड येतात, मे महिन्यातल्या घामोळ्यांसारखे. मी बुडापासून नाकापर्यंत तळहात फिरवला. एक फोड नाही. हाताला फक्त पांढरी भुकटी लागली, कारण ऊन मात्र नागपूरचं होतं.

मग टकटक सुरू झाली. जुनी होडी तपासायची पहिली रीत हीच: स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं वीतभर अंतरावर ठोकत जायचं आणि ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर थर घट्ट चिकटलेले. भद्द आला तर थर सुटलेत, नाहीतर आत ओल आहे. अनेक होड्यांचा डेक सांबारवडीसारखा असतो, वर-खाली फायबरचा पापुद्रा आणि आत बाल्सा लाकडाचं किंवा प्लायचं सारण. वर ठोकलेल्या कड्या-खुंट्यांच्या स्क्रूमधून पाणी शिरतं, सारण आतल्या आत कुजतं आणि वरून पापुद्रा चकाचक दिसतो.

साळा डोळे मिटून ठोकत होता. डोलकाठीच्या पायाशी आला, थांबला, पुन्हा ठोकलं. भद्द. चेहरा खुलला. "भाऊजी, हे इथं मस्त पिकलं आहे."

कूलरवाला तोवर उकिडवा बसून तडे वाचत होता. वाचतच होता, त्याला दुसरा शब्द नाही. "हे पाहा साहेब, कोळ्याच्या जाळ्यावानी फुटलं ना, इथं काहीतरी आपटलं. अन् हे शेजारी शेजारी उभे तडे आहेत ना, हे वाकून वाकून झाले. इथं माल पातळ लावला." त्यानं अंगठा दाबला. होडीचं पोट तेलाच्या डब्यासारखं आत गेलं आणि पॉक करून बाहेर आलं.

"तुम्हाले कसं समजलं?" काकाजी दचकले.

"दर मार्चमध्ये हमाल गच्चीवरून कूलर उतरवतात ना बाप्पा."

मी पुस्तकी ज्ञान घेऊन आलो होतो, ते खिशातच राहिलं. फक्त कापूस बाहेर काढला. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. पीळातला एखादा धागा तुटला असेल तर डोळ्याला दिसत नाही, कापूस अडकतो. दोन तारा पास झाल्या. तिसरीनं, अगदी खालच्या टोकाशी, बोळ्याची पार दाढी ओढून घेतली. विदर्भाच्या कापसाचा एवढा मोलाचा उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही. शीड पाहण्यात वेळ घालवला नाही. चांगलं कापड नव्या नोटेसारखं करकरतं, हे आजीच्या लुगड्यासारखं मऊ होतं. आजीबद्दल आदर आहे, पण तिच्या भरवशावर वारा पकडायचा नाही.

वजनाचा काटा नव्हता, पण शेजारच्या गोदामात हमाल होते. नुसता सांगाडा नव्वदेक किलोचा असायला हवा. जास्त भरला तर ते पाणी, नाहीतर कुणीतरी आतून थापलेला डागडुजीचा माल. दोघांनी उचलली, जरा डोलवली, ठेवली. थोरला म्हणाला, "दोन पोत्यांच्या वर आहे. पण तिसरं पोतं नाही." पन्नास किलोचं पोतं धरलं तर शंभराच्या वर, दीडशेच्या आत. काकाजींनी लगेच दोन हजार कमी केले.

खरी परीक्षा राहिली होती. तळं नाही, तर पाणी बाहेरून लावायच्या ऐवजी आतून लावायचं. होडी सुलटी केली, विटांवर गाद्या टाकून ठेवली आणि तळात चार बोटं पाणी सोडलं. जास्त भरायचं नाही, वजनानं तळच बसायचा. काकाजींचा जीव खालीवर होत होता. अकरा वर्षांचं व्रत मोडलं होतं.

आम्ही चौघं होडीखाली मान घालून बसलो. बाहेर 45 अंश. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सुकाणूच्या कड्यांपाशी कोरडं. तळ कोरडा. मग मधोमध, जिथून पाण्यात सोडायची फळी खाली उतरते त्या पेटीच्या सांध्यावर, एक थेंब फुगला. लोंबला. पडला. ही पेटी म्हणजे असल्या होडीची जुनी दुखरी जागा.

कोणी बोललं नाही. कूलरवाल्यानं चहाचा रिकामा ग्लास खाली सरकवला आणि मोबाइलवर वेळ लावली. मिनिटाला नऊ थेंब.

"कूलरले एवढं चालते," तो म्हणाला. "अकराच्या वर गेलं तर मी स्वतः घेऊ देत नाही कोणाले."

साळ्यानं काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी आणखी हजार कमी केले. होडीच्या काठावर तेवढ्यात दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या आणि आतलं पाणी पीत होत्या, म्हणून ते उपसायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.